आक्षेप नसलेली नोंद

ज्ञानकोशाच्या कचेरीत मला नोकरी लागली, तेव्हा ती नोकरी नक्की काय आहे हे वडिलांना समजावता समजावता माझी दिवाळीची सुट्टी संपत आली. वडील वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी जिनिंग फॅक्टरीत कामाला होते.

“म्हंजे तू पुस्तकं लिहून राहिला काय?”

“पुस्तकं नाही, बाबा. जगातल्या सगळ्या गोष्टींची थोडी थोडी माहिती. अक्षरांच्या क्रमानं.”

“सगळ्याची? अन् खोटं निघालं त?”

“खोटं निघू नये म्हणूनच पगार देतात.”

हे त्यांना एकदम पटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फॅक्टरीत सांगून टाकलं की पोरगा पुण्याला खरंखोटं तपासायच्या खात्यात लागला. मी त्यांना दुरुस्त केलं नाही, कारण मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. पुण्यात फी माफीवर राज्यशास्त्रात एम.ए. केलं आणि येरवड्याला दोघांत मिळून एक खोली घेतली. खोलीतला जोडीदार यवतमाळकडचा होता आणि कॉम्प्युटरचे क्लास करत होता. त्या दिवसांत शहरात जिथे बघावं तिथे त्या क्लासच्या पाट्या लागत होत्या. तो मला कळवळून सांगायचा, “भाऊ, पुस्तकाचं काही खरं नाही आता. सी लँग्वेज शिकून घे.” मी हसायचो. मला स्वतंत्र टेबल होतं, टेबलावर दिवा होता, मागे संदर्भपत्रांची लाकडी कपाटं होती. याहून जास्त काय हवं असतं, हे मला खरोखर कळत नव्हतं. कुणी माझ्यासाठी दार धरून ठेवलं तरी मला भरून यायचं.

आमचे मुख्य संपादक निवृत्त प्राध्यापक होते, जन्माने पुण्याचे. ते कुणावर रागावत नसत. रागावण्याची गरज पडणार नाही असं बोलत. एका सकाळी त्यांनी मला बोलावलं.

“या खंडात सर येतात. नोंद आपण लिहा.”

सर म्हणजे कोण हे विचारावं लागलं नाही. राजकीय तत्त्वज्ञ म्हणून ज्यांचं नाव घेतलं जाई असे ते शहरातले एकच होते, आणि त्यांच्याकडे कधीही न शिकलेली माणसंसुद्धा त्यांना सर म्हणत.

“मी? मी तर अगदी नवा आहे.”

“म्हणूनच. आपण त्यांचे विद्यार्थी नाही, व्याही नाही, पुण्याचेही नाही. इतका निःपक्षपाती माणूस मला दुसरा कुठून मिळणार?”

मी आभार मानले आणि टेबलाशी येऊन बसलो. पण त्यांना वाटत होतं तितका मी कोरा नव्हतो.

शाळेत असताना दर पंधरा ऑगस्टला गावातले एक व्यापारी गरीब मुलांना गणवेशाचं कापड वाटत. नाव पुकारलं की मंचावर जायचं, कापड घ्यायचं, वाकून नमस्कार करायचा. गुरुजी आदल्या दिवशी याचा सराव घेत. वाकताना कापड खाली पडू नये म्हणून ते डाव्या काखेत कसं धरायचं हेही त्यांनी शिकवलं होतं. मला हे सगळं फार आवडायचं, आणि ते नीट जमतं याचा अभिमानही होता. एम.ए.च्या पहिल्या वर्षी मी सरांचं पहिलं पुस्तक वाचलं. त्यात त्यांचं म्हणणं असं होतं की, राज्य जे उपकार म्हणून देतं ते घेणाऱ्याची मान वाकवून देतं. नागरिकाला जे मिळायला हवं, ते त्याला कुणाचेही आभार न मानता घेता आलं पाहिजे. मी पुस्तक मिटलं आणि ग्रंथालयाच्या व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. व्यापाऱ्यांचा राग आला नाही. ते भले गृहस्थ होते. राग आला तो सरावाचा. त्याआधी असा राग मला कधी आला नव्हता, आणि तो मला सरांनी दिला होता.

ही एक बाजू. दुसरी अशी की, देशात सगळं खुलं होऊ लागलं, प्रत्येक गोष्टीचा भाव नव्याने ठरू लागला, तेव्हा याच सरांनी वर्तमानपत्रात एक लेखमाला लिहिली. उच्च शिक्षणातल्या सवलती बंद करा, विद्यार्थ्यांनी कर्ज काढून पूर्ण फी भरावी, कारण विकत घेणारा कुणापुढे वाकत नाही, असं तिचं सार होतं. त्याच सुमाराला माझ्या धाकट्या बहिणीला फार्मसीला जाण्याइतके मार्क पडले होते. आमच्या बाजूला नवं कॉलेज निघालं होतं, पण ते विनाअनुदानित, तिथे फी माफी नाही. ती गावातल्याच कॉलेजात बी.ए.ला बसली आणि ते संपायच्या आत तिचं लग्न झालं. सरांच्या लेखमालेमुळे हे झालं असं मी म्हणत नाही. पण ती लेखमाला मी त्या वर्षी वाचली, आणि लेखकाचं नाव पुन्हा पुन्हा वर जाऊन बघत वाचली.

अशा माणसावर मला न्याय्य नोंद लिहायची होती.

तपशील पक्के करायला मी सरांकडे गेलो. ते मंडईजवळ एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत. वय ऐंशीच्या पुढे, अंगात बंडी, गुडघ्यांवर शाल. खालून हातगाड्यांचा आणि भाव सांगणाऱ्यांचा आवाज सतत वर येत होता.

“कोशातून आलात? मी अजून आहे का ते बघायला?”

“नाही सर, जन्मतारीख तेवढी—”

“ती आईनं अंदाजानं सांगितलेली आहे. तीच लिहा. अंदाजानं जन्मलेली पुष्कळ माणसं तुमच्या कोशात असतील.”

मी शिक्षण, पदं, पुस्तकांची वर्षं लिहून घेतली. मग वही मिटायच्या ऐवजी, का कोण जाणे, मी विचारलं, “सर, पहिलं पुस्तक आणि फीवरचे लेख. मधे तुमचं मत बदललं का?”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला वाटतं, नाही बदललं. तुम्हाला वाकलेली मान सहन होत नाही. आधी वाटलं राज्य ती ताठ ठेवील. नंतर वाटलं पैसा ठेवील.”

“आणि ठेवतो?”

“माझ्या बहिणीची नाही ठेवली, सर.”

त्यांनी विचारलं म्हणून मी सांगितलं, थोडक्यात. ते ऐकत होते की खालचे मिरचीचे भाव ऐकत होते हे मला कळेना. मग म्हणाले, “हे लिहा.”

“बहिणीचं?”

“बहीण कोशात कशी येईल? आधीचं म्हणालात ते. माणूस एकच होता, दोन नव्हते, हे लिहा. आणि ज्याच्याकडे विकत घ्यायला काही नाही त्याच्या मानेचं काय, याचं उत्तर त्याला देता आलं नाही, हेही लिहा. ते नसेल तर मग ती नोंद कशाला, शोकसभेतलं भाषणच छापा.”

मी उठलो आणि सवयीने हात जोडले.

“आभार मानू नका,” ते म्हणाले. “निदान माझे तरी.”

नोंद लिहायला मी जो वेळ घेतला, तो कचेरीत थट्टेचा विषय झाला. कोशात विशेषणं चालत नाहीत. ‘थोर’ गेलं, ‘दुर्दैवाने’ गेलं, ‘साहसी’ही गेलं. प्रत्येक वाक्य मी दोनदा वाचायचो, एकदा सरांचा भक्त म्हणून आणि एकदा बहिणीच्या जागी बसून. आधी पहिल्या पुस्तकाचा परिच्छेद, शेवटी लेखमालेचा, आणि दोन्हींना जोडणारा मधला. तो मधला परिच्छेद म्हणजेच नोंद होती. बाकी सगळं कुणीही लिहिलं असतं. सरांना उत्तर देता आलं नाही, हे त्याच्या शेवटच्या वाक्यात होतं, एकही कडवट शब्द न वापरता. तो जमला तेव्हा मला वाटलं, वडिलांनी फॅक्टरीत जे सांगितलं होतं ते आता खरं झालं.

आता कचेरीतली एक पद्धत सांगायला हवी. माझ्या आधीच्या काळात एका खंडातल्या नोंदीवरून गदारोळ झाला होता आणि कुणीतरी येऊन कचेरीच्या पाटीवर शाई ओतली होती. पाटी पुन्हा रंगवली तरी कोपऱ्यात निळसर छटा राहिलीच होती. तेव्हापासून मुख्य संपादकांनी नियम केला की वादग्रस्त व्यक्तीची नोंद छापण्याआधी त्या व्यक्तीच्या एका चाहत्याला आणि एका विरोधकाला वाचायला द्यायची. चाहत्याने तांबड्या पेन्सिलीने आक्षेप नोंदवायचे, विरोधकाने निळ्या. ज्या वाक्याखाली एकही रेघ नाही ते छापायचं. “ज्यावर कुणाचाच आक्षेप नाही ते सत्य,” असं ते म्हणत. मला हे फार थोर वाटलं होतं. आमच्या गावात वाद झाला की ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं; इथे निदान पेन्सिली तरी सारख्या होत्या.

सरांच्या बाजूने नोंद वाचली ती त्यांचं अभ्यासमंडळ चालवणाऱ्या बाईंनी. एका कॉलेजच्या त्या निवृत्त प्राचार्य. त्या स्वतःच कचेरीत आल्या.

“अहो, लिहिता छान तुम्ही. पण हा फीचा परिच्छेद कशाला? सर तेव्हा थकले होते. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं.”

“डोळ्यांच्या ऑपरेशनचा आणि मताचा काय संबंध, बाई?”

“आणि हे मधलं? ‘एकाच विचाराचा विस्तार’? म्हणजे त्या लेखांचं खापर तुम्ही पहिल्या पुस्तकावर फोडताय.”

“सरांनाच तसं वाटतं. मी विचारलंय त्यांना.”

“ऐंशीच्या पुढच्या माणसाला तुम्ही घरी जाऊन पेचात पकडता, आणि वर त्याला संदर्भ म्हणता.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “तुम्ही वऱ्हाडातले ना? तिकडे वडीलधाऱ्यांचं म्हातारपण असं चव्हाट्यावर आणतात का?”

विरोधक म्हणून नोंद गेली ती कामगार चळवळीतल्या एका जुन्या कार्यकर्त्याकडे. ते रात्रशाळेत शिकवत आणि सगळे त्यांना कॉम्रेड म्हणत. त्यांना भेटायला मी एका अमृततुल्यात गेलो. ते सगळ्यांना तू म्हणत, मलाही.

“पहिल्या पुस्तकावर एवढ्या ओळी? ते पुस्तक म्हणजे दुकानाची पाटी होती. आत माल हाच होता. लेखमाला ठेव, बाकीचं उडव.”

“पाटी आणि माल एकच होते, असंच मधल्या परिच्छेदात आहे, कॉम्रेड.”

“आहे, पण सहानुभूतीनं आहे. सहानुभूतीनं सांगितलेलं खरं मला नको.” त्यांनी बशीत चहा ओतला. “तुझी फी माफ झाली नसती तर तू आज कुठे असतास?”

“जिनिंगमध्ये.”

“आणि तू त्यांची बाजू मांडतोस.”

“बाजू नाही. म्हणणं मांडतोय.”

“हा फरक फक्त पगारी माणसाला कळतो,” ते म्हणाले, आणि माझ्याही चहाचे पैसे देऊन निघून गेले.

दोन्ही प्रती परत आल्या तेव्हा बाईंनी शेवटचा परिच्छेद तांबडा केला होता आणि कॉम्रेडनी पहिला निळा. मधला परिच्छेद एका प्रतीत पूर्ण तांबडा होता आणि दुसऱ्या प्रतीत पूर्ण निळा. मुख्य संपादकांनी दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवल्या.

“या दोघांचं आजवर कशावरही एकमत झालं नव्हतं,” ते म्हणाले. “ते आपण घडवून आणलंत. अभिनंदन.”

मी म्हटलं, मला थोडा वेळ द्या, मी सरांशी पुन्हा बोलतो, त्यांच्याकडून दोन ओळी लिहून आणतो. त्यांनी होकारार्थी मान हलवली. पण त्याच आठवड्यात सरांना दवाखान्यात हलवलं आणि ते परत आले नाहीत. शोकसभेत बाई सरांच्या पहिल्या पुस्तकावर बोलल्या, सुंदर बोलल्या. कॉम्रेडनी एका साप्ताहिकात लेखमालेवर लेख लिहिला, तोही मुद्देसूद होता. पुण्यात त्या आठवड्यात दोन वेगवेगळी माणसं वारली असं कुणालाही वाटलं असतं.

नोंदीत आता एवढाच बदल उरला होता की ‘आहेत’च्या जागी ‘होते’ करायचं. मी मुख्य संपादकांकडे गेलो. मी त्यांच्याशी आवाज चढवून बोललो असा तो एकच दिवस.

“मधला परिच्छेद सरांनी स्वतः मान्य केला होता.”

“लेखी आहे?”

“नाही.”

“मग ते आपल्याला आठवतं, एवढंच म्हणता येईल. आणि लेखी असतं तरी? ज्याच्यावर नोंद आहे त्यानेच संमत केलेला मजकूर, याला निःपक्षपाती म्हणायचं का?”

“पण तो बरोबर आहे. दोघंही म्हणत नाहीत की तो चुकीचा आहे. दोघांना तो गैरसोयीचा आहे.”

“गैरसोय हाही आक्षेपच असतो. पाटी आपण बघितली आहे ना खाली?”

“मग माझं नाव काढा नोंदीखालून.”

त्यांनी माझ्याकडे प्रथमच नीट पाहिलं. “निनावी नोंद म्हणजे संस्थेचं मत. संस्थेला मत नसतं. नाव राहील.” आणि मग, मला अजून आठवतं, अगदी प्रेमाने, “अहो, आपल्या वयात एवढ्या मोठ्या माणसावरची नोंद मिळाली. घरी कळवा. त्यांना आनंद होईल.”

खंड छापून आला. नोंदीत जन्म होता, मृत्यू होता, शिक्षण, पदं, पुस्तकांची नावं होती, आणि विचारांबद्दल एकच वाक्य होतं: ‘राज्य आणि नागरिक यांच्या संबंधांवर त्यांनी मूलगामी लेखन केले.’ हे वाक्य माझंही नव्हतं. एवढ्या जागेत काहीतरी हवं म्हणून ते मुख्य संपादकांनी घातलं होतं आणि त्यावर कुणाचा आक्षेप येणं शक्य नव्हतं. खाली माझं नाव. वडिलांना खरोखरच आनंद झाला. आमच्या गावच्या वाचनालयात तो खंड मागवला गेला आणि माझ्या शाळेच्या गुरुजींनी ते पान उघडून फळ्याखाली टेबलावर ठेवलं होतं, असं मला कळवण्यात आलं.

पुढे मी कचेरी सोडली. तोवर माझा खोलीतला जोडीदार अमेरिकेत पोचला होता, आणि त्याच्या ओळखीने मला येरवड्याच्या पुढे झालेल्या काचेच्या एका इमारतीत काम मिळालं. परदेशी सॉफ्टवेअर मराठीत आणायचं. ‘जतन करा’, ‘रद्द करा’, ‘आपल्याला खात्री आहे का?’ अशी वाक्यं मी वर्षानुवर्षं लिहिली. काम स्वच्छ होतं. कुणी पेन्सिल घेऊन आलं नाही. हाताखालची मुलं मला म्हणायची, “सर, यू आर सो पर्टिक्युलर यार,” आणि मी ते कौतुक समजून घ्यायचो.

मग इंटरनेटवर तो मुक्त ज्ञानकोश आला, ज्यात कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं. एका दुपारी कामातून जरा सवड होती म्हणून मी त्यात सरांचं पान शोधलं. पान होतं. त्यावर भांडण चाललं होतं. एक गट पहिल्या पुस्तकाचे परिच्छेद घालत होता, दुसरा ते काढून लेखमालेचे घालत होता, आणि दोघंही रोज एकमेकांचं लिखाण पुसत होते. बाई आणि कॉम्रेड दोघंही तोवर गेलेले होते. ही त्यांची मुलं नसावीत. बहुतेक या पोरांनी सरांना पाहिलंही नसेल. मला खरं तर आनंद झाला. इथे कचेरी नव्हती, पाटी नव्हती, ओळींची मर्यादा नव्हती. माझ्याजवळ मूळ नोंदीची कार्बन प्रत होती. मी तो मधला परिच्छेद जसाच्या तसा टंकित केला, शेवटच्या वाक्यासकट, आणि ‘जतन करा’ दाबलं. ते दोन शब्दही माझेच होते की काय, आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी परिच्छेद नव्हता. चर्चेच्या पानावर कारण दिलेलं होतं: संदर्भ नाही. मी लिहिलं, मी स्वतः त्यांना भेटलो आहे, हे त्यांनी मला सांगितलं आहे. उत्तर आलं, व्यक्तिगत आठवण ग्राह्य नाही. मी लिहिलं, हा मजकूर मी एका छापील ज्ञानकोशासाठी लिहिला होता, त्याची प्रत माझ्याकडे आहे. उत्तर आलं, अप्रकाशित मजकूर ग्राह्य नाही, प्रकाशित काय आहे ते सांगा. उत्तरं देणारा सभ्य होता. प्रत्येक वेळी ‘आपण’ म्हणत होता आणि मला नियमाचं पान जोडून देत होता. मी संतापून लिहिलं की त्या छापील नोंदीचा लेखक मीच आहे, नाव पडताळून पाहा.

त्याने पाहिलं. कुठल्याशा ग्रंथालयात जाऊन त्याने तो खंड काढला असावा, कारण चार दिवसांनी त्याचं उत्तर आलं आणि ते सविस्तर होतं. छापील नोंद स्वतः तपासली असून ती समतोल व विश्वासार्ह आहे, असं त्याने लिहिलं होतं. तिच्यात या दोन मतांचा परस्परसंबंध असल्याचा किंवा कुठलं उत्तर देता न आल्याचा काहीही उल्लेख नाही. तेव्हा आपण जोडलेला परिच्छेद आपल्याच प्रकाशित लेखनाशी विसंगत ठरतो. सबब तो पुन्हा घालू नये, ही विनंती. आणि वाद मिटवण्यासाठी दोन्ही गटांचा मजकूर काढून त्याने पानावर छापील नोंद तेवढी ठेवली होती. त्यावर दोन्ही गटांनी सहमती दर्शवली होती.

आता कॉलेजची मुलं सरांवर निबंध लिहितात ते त्या पानावरून. राज्य आणि नागरिक यांच्या संबंधांवर त्यांनी मूलगामी लेखन केले, असं लिहितात, आणि खाली संदर्भ म्हणून माझं नाव देतात.